‘ग्रीन फार्मसी’ची सुरुवात कागदी पिशवीपासून करू नका

प्रश्न थोडक्यात असा: तीनशे खाटांचं रुग्णालय, फार्मसीची जबाबदारी तुमच्याकडे, आणि व्यवस्थापनानं पर्यावरणपूरक फार्मसीचा आराखडा मागितला आहे. तुमच्या कच्च्या यादीत कागदी पिशव्या, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा रिसायकलिंगला देणं आणि पेपरलेस इंडेंट (वॉर्डांची औषधमागणी) आहे. हे पुरेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

यादी चुकीची नाही, उलटी आहे. जे सर्वांत हलकं ते वर आलंय आणि जे सर्वांत जड ते यादीत नाहीच. इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेनं २०२० मध्ये स्वतःच्या उत्सर्जनाचा हिशेब मांडला तेव्हा सुमारे चौथा हिस्सा औषधांचा निघाला. त्यातले साधारण २ टक्के भुलीच्या वायूंचे, ३ टक्के इन्हेलरचे, आणि उरलेले २० टक्के मुख्यतः औषधं बनवण्याचे आणि पोचवण्याचे. म्हणजे औषध फार्मसीच्या दारात आलं तेव्हाच त्याचा बहुतेक भार पडून गेलेला असतो. न वापरता फेकलेली व्हायल (इंजेक्शनची बाटली) तुम्ही कितीही शास्त्रशुद्ध जाळा, तो भार परत येत नाही. म्हणून विल्हेवाट शेवटी. आधी खरेदी, मग साठा, मग मिश्रण आणि वाटप.

भुलीचे वायू: एका निर्णयाचं काम

इथून सुरुवात करा, कारण रुग्णाच्या उपचारात काही कमी न करता सर्वांत मोठा फरक इथे पडतो. श्वासातून दिलेले हे वायू शरीरात जवळपास मोडतच नाहीत. आत गेले तसे बाहेर येतात आणि स्कॅव्हेंजिंगच्या, म्हणजे वापरलेला वायू खेचून नेणाऱ्या, नळीतून छतावर सुटतात.

हिशेब स्वतः करता येतो. द्रवरूप भुलीचा तासाचा खर्च मिलीलिटरमध्ये साधारण ३ × ताज्या वायूचा प्रवाह (लिटर प्रति मिनिट) × व्हेपोरायझरवरची (द्रवाची वाफ करून देणाऱ्या उपकरणावरची) टक्केवारी इतका येतो. डेसफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन ही अशी दोन द्रवरूप औषधं. १ लिटर प्रवाहावर ६ टक्के डेसफ्लुरेन म्हणजे तासाला १८ मिली, वजनात सुमारे २६ ग्रॅम. शंभर वर्षांच्या हिशेबानं डेसफ्लुरेनची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५९० पट. म्हणजे तासाला ६८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं. त्याच प्रवाहावर २ टक्के सेव्होफ्लुरेन तासाला ६ मिली, ९ ग्रॅम; त्याची क्षमता १९५ पट; एकूण दोन किलोच्या आत. स्कॉटलंडनं २०२३ मध्ये डेसफ्लुरेन बंद केलं आणि युरोपीय संघात जानेवारी २०२६ पासून वैद्यकीय कारण नोंदवल्याशिवाय ते वापरता येत नाही.

फार्मसीनं करायचं काम साधं आहे. डेसफ्लुरेनला औषधसूचीतून काढण्याचा प्रस्ताव औषध समितीत न्या, मंजुरी मिळाली की संगणकातली त्याची री-ऑर्डर पातळी शून्य करा आणि व्हेपोरायझर थिएटरमधून उचलायला सांगा. ही तिसरी गोष्ट हमखास राहते. व्हेपोरायझर मशिनवर बसलेलं असेल तर सहा महिन्यांत कुणीतरी ‘फक्त एक बाटली’ मागवतंच.

सेव्होफ्लुरेन ठेवलं तरी प्रवाह बघायला हवा. २ टक्क्यांवर २ लिटरचा प्रवाह तासाला १२ मिली खातो, अर्ध्या लिटरचा ३ मिली. प्रवाह किती खाली न्यायचा हा निर्णय भूलतज्ज्ञांचा. प्रवाह उतरला की सोडा लाइम (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना) लवकर संपतं आणि सेव्होफ्लुरेनच्या लेबलावर काही देशांत किमान प्रवाहाची अट असते, हे दोन्ही त्यांच्यासमोर मांडा. तुमच्या हातात आकडा आहे: महिन्याला गेलेल्या बाटल्या भागिले भुलीचे तास. तो आकडा थिएटरच्या फळ्यावर लावला की पुढची चर्चा भूलतज्ज्ञ आपापसात करतात.

आता नायट्रस ऑक्साइड. तापवण्याची क्षमता २७३ पट आणि वातावरणात टिकतो शंभरावर वर्षं. इथे रुग्णाला दिलेल्या वायूपेक्षा गळती मोठी असते. स्कॉटलंडमधल्या लोथियनच्या रुग्णालयांत फार्मासिस्टांनीच हा शोध लावला: विकत घेतलेल्या वायूतला बहुतांश भाग रुग्णापर्यंत पोचतच नव्हता, मॅनिफोल्ड (मोठे सिलिंडर एकत्र जोडणारी मांडणी) आणि पाइपलाइनमधूनच जात होता. मग इतर ठिकाणी शोधलं तर तिथेही तेच.

तुमच्याकडे गळती आहे का, हे बघताना एक फसगत टाळा. सिलिंडरमधला नायट्रस द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रव संपेपर्यंत गेजचा काटा जागचा हलत नाही. साधारण ५० बारवर थांबलेला काटा बघून ‘प्रेशर उतरलेलं नाही, म्हणजे गळती नाही’ असं लिहिलं जातं आणि प्रकरण मिटतं. नायट्रस मोजायचा तो वजनानं. शेवटची शस्त्रक्रिया संपल्यावर मॅनिफोल्डवरच्या सिलिंडरचं वजन घ्या, सकाळी पहिल्या शस्त्रक्रियेआधी पुन्हा घ्या. त्या रात्री तातडीच्या शस्त्रक्रियेला मशिनवरचा छोटा सिलिंडर वापरायचा, असं आधी लेखी ठरवून ठेवा. समजा १२ तासांत १.२ किलो घट दिसली: तासाला १०० ग्रॅम, वर्षाला ८७६ किलो, म्हणजे २३९ टन कार्बन डायऑक्साइडइतकं. एवढा वायू कुणीही हुंगलेला नसतो. वजनकाटा नसेल तर तीन महिन्यांत बदललेले सिलिंडर मोजा आणि भुलीच्या नोंदींतून प्रत्यक्ष वापर काढा. दोहोंत पाचपटीचा फरक आला तर काट्याची वाट बघायची गरज नाही.

दुरुस्तीपेक्षा पाइपलाइन बंद करणं बहुतेक ठिकाणी सोयीचं. त्याआधी भूल विभाग, बायोमेडिकल आणि देखभाल यांची लेखी संमती घ्या. प्रत्येक मशिनला नायट्रसच्या छोट्या सिलिंडरचा पिन इंडेक्स योक (फक्त त्याच वायूचा सिलिंडर बसेल अशी पकड) आहे का आणि ऑक्सिजन कमी पडला तर नायट्रस तोडणारी सुरक्षा चालू आहे का, हे तपासून घ्या. दोन-तीन आठवडे सिलिंडरवर चालवून बघा. मग भिंतीवरचे आउटलेट कुलूपबंद करून त्यावर पाटी लावा. आणि मॅनिफोल्डवर उरलेले भरलेले सिलिंडर पुरवठादाराला भरलेलेच परत करा. ‘रिकामे केल्याशिवाय घेत नाहीत’ म्हणून मोकळ्या हवेत सोडून दिले तर वर्षभराची बचत एका दुपारी उडते. पाइपलाइन बंद केली म्हणून प्रसूतिकक्षातला ऑक्सिजन-नायट्रसचा मिश्र वायू बंद होत नाही. तो वेगळा विषय आहे, वेगळाच हाताळा.

‘मग सगळी भूल शिरेतूनच द्या’ असा सूर निघेल. त्यात तथ्य आहे, पण प्रोपोफोल या शिरेतून द्यायच्या भुलीच्या औषधाची नासाडी बघूनच. थिएटरच्या औषधकचऱ्यात प्रोपोफोल हमखास वरच्या क्रमांकावर असतं, कारण छोट्या शस्त्रक्रियेला ५० किंवा १०० मिलीची व्हायल फोडली जाते. हे पाण्यातल्या जिवांना घातक औषध आहे. छोट्या प्रक्रियांच्या थिएटरमधून मोठ्या व्हायली काढून फक्त २० मिलीच्या ठेवल्या की सवय आपोआप बदलते. परिपत्रक काढावं लागत नाही.

नासाडी आधी मोजा

पुढचं काम वजनकाट्याचं आणि वहीचं. चौदा दिवस आयसीयू, थिएटर, दोन वॉर्ड आणि मुख्य फार्मसी इथे झाकणाचा एकेक डबा ठेवा. फेकलं जाणारं प्रत्येक औषध त्यात जाईल आणि शेजारच्या कागदावर फक्त तीन गोष्टी लिहिल्या जातील: नाव, किती उरलं, का फेकलं. कारणांना सहाच खुणा द्या: मुदत संपली, उघडून उरलं, रुग्ण हलवला किंवा घरी गेला, मिसळल्यावर ऑर्डर बदलली, फ्रिजबाहेर राहिलं, फुटलं. ‘इतर’ हा रकाना देऊ नका. दिला की सगळं तिथेच जातं. सायटोटॉक्सिक (पेशी मारणारी, केमोची) आणि नियंत्रित औषधं या डब्यात येणार नाहीत, त्यांची फक्त नोंद. डबा गोळा करताना सिस्टरांना दोष द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून डबे रिकामे येतात आणि बेसिन भरतं.

दोन आठवड्यांनी दहा-बारा औषधांची नावं वर येतील. बाकी शेकडो औषधांकडे सध्या बघायचंच नाही.

मुदत संपण्याची बहुतेक कारणं स्टोअरमध्ये नसतात, वॉर्डच्या कपाटात असतात. क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या औषधांची गाडी, हे सर्वांत ठळक उदाहरण. शांत वॉर्डातल्या कार्टवरचं ॲड्रिनलिन, ॲट्रोपिन, अमिओडारोन वर्षानुवर्षं पडून राहतं. मुदतीला सहा महिने उरले की ती अँप्यूल कॅज्युअल्टीत किंवा आयसीयूत हलवायची, जिथे ती आठवड्यात वापरली जाते, आणि कार्टवर ताजी ठेवायची. कार्टच्या सीलवर ‘सर्वांत आधीची मुदत’ एवढी एकच तारीख मोठ्या अक्षरात लिहिली तर दर महिन्याला सगळी कार्ट उपसावी लागत नाही.

मुदत वाचण्यातही चूक होते. लेबलवर फक्त महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या अखेरपर्यंत औषध चालतं. महिन्याच्या एक तारखेलाच सगळं काढून टाकण्याची शिस्त चांगली दिसते, पण ती तीस दिवसांचा चांगला साठा कचऱ्यात घालते.

स्ट्रिप कापण्याचंही तसंच. दोन गोळ्या हव्यात म्हणून कात्री लावली जाते ती नेमकी बॅच आणि मुदत छापलेल्या टोकाला. उरलेल्या आठ गोळ्या त्या क्षणी निनावी होतात. कुणी प्रामाणिक माणूस त्या वॉर्डातून परत घेणार नाही. छापील टोक शेवटपर्यंत स्ट्रिपलाच राहील अशा बाजूनं कापायचं आणि कापलेल्या तुकड्यांची नाव, बॅच, मुदत लिहिलेली पाकिटं करायची. ज्या गोळ्या दिवसाला दहा-वीस कापल्या जातात, त्यांचं प्रत्येक गोळीमागे छापील मजकूर असलेलं पॅकिंग मिळतं का, ते खरेदीच्या वेळी विचारा.

बहुमात्रा व्हायल, डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन ही आणखी एक गळती. उघडल्यावर लेबलानुसार साधारण २८ दिवस चालणारी वस्तू तिसऱ्या दिवशी फेकली जाते, कारण उघडल्याची तारीख कुणी लिहिलेली नसते. तारखेचा स्टिकर वॉर्डच्या ड्रॉवरमध्ये ठेवून उपयोग नाही. तो फार्मसीतून निघतानाच व्हायलवर चिकटलेला हवा, फक्त तारीख भरायची बाकी. बचतीच्या नावाखाली एक गोष्ट कधीच करायची नाही: इन्सुलिनचं पेन दोन रुग्णांना. सुई बदलली तरी नाही. रक्त काडतुसात मागे ओढलं जाऊ शकतं.

रुग्ण आयसीयूतून वॉर्डात गेला की त्याची औषधं आयसीयूच्या ट्रेमध्ये राहतात आणि वॉर्ड नवीन इंडेंट टाकतो. रुग्णाच्या फाइलबरोबर औषधांची पिशवी गेलीच पाहिजे, हा नियम हस्तांतराच्या चेकलिस्टमध्ये घाला. वॉर्डातून परत आलेलं औषध साठ्यात घ्यायचं तर ते सीलबंद असावं, बॅच वाचता यावी, ते फ्रिजचं नसावं आणि विलगीकरणातल्या खोलीतून आलेलं नसावं.

फ्रिज बंद पडला म्हणजे सगळं फेकायचं, हाही गैरसमज. साठा ‘वापरू नका’ अशी चिठ्ठी लावून चालू फ्रिजमध्ये हलवा, लॉगरवरून (तापमान नोंदवणाऱ्या यंत्रावरून) कमाल तापमान आणि तास काढा, आणि प्रत्येक उत्पादकाला विचारा. बऱ्याच औषधांची खोलीच्या तापमानातली टिकाऊपणाची माहिती त्यांच्याकडे असते. उलट गोठलेल्या इन्सुलिनला किंवा हिपॅटायटिस बी लसीला माफी नाही, वितळून ती पूर्ववत दिसली तरी. म्हणून ‘जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित’ असं समजून फ्रिज २ अंशांवर लावू नका. लक्ष्य ५ ठेवा आणि खोकी मागच्या भिंतीला चिकटू देऊ नका.

मिश्रणाची खोली

केमोच्या औषधांत नासाडीचं वजन कमी, पण प्रत्येक मिलिग्रॅममागची निर्मिती मोठी आणि विल्हेवाट अवघड. बोर्टेझोमिब हे कर्करोगाचं औषध घ्या. व्हायल ३.५ मिलिग्रॅमची, मात्रा दर चौरस मीटरला १.३. शरीराचं क्षेत्रफळ १.६ असेल तर २.०८ मिलिग्रॅम लागतं आणि १.४२ उरतं. असे तीन रुग्ण तीन वेगळ्या दिवशी आले तर तीन व्हायली आणि सव्वाचार मिलिग्रॅम कचरा. तेच तिघं एका सकाळी आले तर ६.२४ मिलिग्रॅम, म्हणजे दोन व्हायली, आणि उरतं पाऊण. सुईत आणि व्हायलच्या तळाशी थोडं अडकतं, ते या पाऊण मिलिग्रॅममध्ये सामावतं. म्हणून बोर्टेझोमिबचा वार ठरवा. हे डे-केअरच्या अपॉइंटमेंट देणाऱ्या माणसाशी बोलून जमतं, अध्यादेशानं नाही.

अटी मात्र कडक. एका व्हायलमधून अनेकांना औषध काढणं फक्त आयएसओ ५ दर्जाच्या स्वच्छ हवेत, सेफ्टी कॅबिनेटमध्ये, ॲसेप्टिक (निर्जंतुक) पद्धतीनं. यूएसपी या अमेरिकी औषधमानकाच्या ७९७ प्रकरणाच्या २०२३ च्या आवृत्तीनुसार तशा हवेत टोचलेली एकमात्रा व्हायल १२ तासांपर्यंत वापरता येते. पण बोर्टेझोमिबच्या लेबलवर विरघळवल्यापासून ८ तास आहेत, आणि दोहोंतली कमी मुदत लागू होते. शिवाय हेच औषध शिरेतून द्यायला १ मिलिग्रॅम प्रति मिली आणि त्वचेखाली द्यायला २.५ मिलिग्रॅम प्रति मिली असं विरघळवतात. वेगवेगळ्या मार्गांचे रुग्ण एका खेपेत मिसळले तर बचतीपायी अडीचपट मात्रेची चूक होऊ शकते. एका खेपेत एकच मार्ग. वॉर्डच्या टेबलावर उघडलेली एकमात्रा व्हायल दुसऱ्या रुग्णाला कधीच नाही.

मात्रा जवळच्या व्हायलच्या आकाराशी जुळवून घेण्याचं धोरणही करता येतं. अनेक कर्करोग केंद्रं ५ ते १० टक्क्यांच्या आतली तफावत मान्य करतात, पण ती ऑन्कॉलॉजिस्टच्या सहीच्या लेखी धोरणानं, औषधागणिक यादीसह. फार्मासिस्टनं त्या क्षणी मनानं केलेली गोलाई हे धोरण नव्हे.

आणि सर्वांत स्वस्त उपाय: रक्ताचा अहवाल आणि डॉक्टरांचा ‘द्या’ येईपर्यंत व्हायल फोडायची नाही. सकाळी लवकर मिसळून ठेवण्याची घाई हेच ‘मिसळल्यावर ऑर्डर बदलली’ या खुणेचं कारण असतं. टिकाऊपणा वाढवता येत असेल तर तो वापरा. ॲझासिटिडिन हे केमोचं औषध साध्या तापमानाच्या पाण्यात विरघळवलं तर फ्रिजमध्ये ८ तास टिकतं, फ्रिजमधल्या थंड पाण्यात विरघळवलं तर २२ तास. फरक फक्त पाण्याची अँप्यूल कुठे ठेवली होती एवढाच.

या खोलीची वीज हा वेगळाच राक्षस आहे. हवा चोवीस तास फिरत राहते, काम मात्र आठ तासच चालतं. पंख्याची वीज वेगाच्या घनानं बदलते: प्रवाह ७० टक्क्यांवर आणला तर वीज साधारण ३४ टक्क्यांवर येते. म्हणजे रात्री थोडासा वेग कमी करूनही मोठी बचत. पण करण्याआधी रिकव्हरी चाचणी हवी: वेग पूर्ववत केल्यावर कणांची संख्या आणि खोल्यांमधला दाब ठरलेल्या पातळीवर यायला किती मिनिटं लागतात ते मोजा, त्यावर फरक ठेवून सकाळची वेळ ठरवा आणि दाबाचा अलार्म रात्रीही चालू ठेवा. सायटोटॉक्सिक खोलीचा ऋण दाब कधीही सुटता कामा नये. तिथे हा प्रयोग आधी करू नका.

शिरेतून तोंडावाटे

पॅरासिटामॉलची १ ग्रॅमची एक मात्रा शिरेतून द्यायची तर १०० मिलीची बाटली, सेट, स्वॅब, फ्लशची सिरिंज आणि हातमोजे लागतात. तोंडावाटे दोन गोळ्या आणि पाणी. मेट्रोनिडॅझोल, लिनेझोलिड, लेव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल ही औषधं तोंडावाटे दिली तरी जवळजवळ तेवढीच रक्तात पोचतात. रोज सकाळी संगणकातून ‘शिरेतून ४८ तास पूर्ण’ अशी यादी काढा. त्यातला जो रुग्ण खातोय, उलटी नाही, आतडी चालू आहेत, ताप चोवीस तास उतरलेला आहे आणि प्रकृती सुधारतेय, त्याच्या फाइलवर बदलाची सूचना. मेंदूज्वर, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, रक्तातला स्टॅफिलोकोकस ऑरियस यांना या यादीतून आधीच वगळा.

बदल फसतो तो एका ठरावीक कारणानं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिनची गोळी सकाळच्या कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडबरोबर दिली जाते, धातू तिला बांधून ठेवतात, औषध शोषलंच जात नाही, तिसऱ्या दिवशी ताप येतो आणि ‘तोंडावाटे लागू पडत नाही’ असा शेरा पडतो. बदलाच्या सूचनेतच वेळा लिहा: सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. नळीतून फीड चालू असेल तर तेही थांबवावं लागतं.

इन्हेलर

दाबाच्या इन्हेलरमधला एचएफए-१३४ए वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,५०० पट तापवतो, एचएफए-२२७ईए ३,००० पटींहून जास्त. २०० फवाऱ्यांच्या सालब्युटामॉल इन्हेलरांत काही ब्रँडमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास वायू असतो, काहींत ८ ग्रॅमपेक्षा कमी. औषध तेच, मात्रा तीच. निविदेत ‘प्रति इन्हेलर प्रोपेलंटचं (औषध ढकलणाऱ्या वायूचं) वजन आणि प्रकार’ हा एक रकाना वाढवला की काम झालं.

रुग्णालयातली खरी नासाडी अशी: कॅज्युअल्टीत एक इन्हेलर, वॉर्डात दुसरा, घरी जाताना तिसरा, आणि घरी आधीचा आहेच. दाखल होताना स्वतःचा इन्हेलर आणायला सांगा, रुग्णाबरोबर तोच फिरवा, डिस्चार्जला नवा देण्याआधी काउंटर बघा. पावडरच्या इन्हेलरचा भार फारच कमी, पण तो ओढून घ्यायला दम लागतो. तीव्र दम्याचा झटका, लहान मुलं, अशक्त वृद्ध यांना दाबाचा इन्हेलर आणि स्पेसरच (फवारा साठवणारी नळी). स्थिर रुग्णाचा प्रकार बदलायचा तर श्वासाची ओढ तपासून, शिकवून. नुसतं नाव बदलून नाही. दमा बिघडून झालेलं एक ॲडमिशन अनेक इन्हेलरांचा हिशेब पालथा करतं.

‘संपलेल्या’ कॅनिस्टरमध्येही वायू उरतो. साध्या कचऱ्यात गेला तर हळूहळू हवेत जातो, छोट्या भट्टीत टाकला तर फुटतो. तो वेगळा साठवून दाबाचे डबे स्वीकारणाऱ्या उच्च तापमानाच्या सुविधेकडेच द्या.

पाण्यात जाणारं औषध

हे कार्बनच्या हिशेबात दिसत नाही, म्हणून आराखड्यांतून सुटतं. डायक्लोफिनॅकनं दक्षिण आशियातली गिधाडं जवळपास संपवली, हे २००४ मध्ये स्पष्ट झालं. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्ताननं जनावरांसाठी ते बंद केलं. तरी माणसांच्या मोठ्या बहुमात्रा व्हायली जनावरांना टोचल्या जातच होत्या, म्हणून भारतानं २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनचं पॅकिंग ३ मिलीच्या एकमात्रेपुरतं आणलं. व्हायलचा आकार हा पर्यावरणाचा निर्णय असतो, याचं याहून थेट उदाहरण नाही. कॅनडातल्या एका प्रायोगिक तलावात इथिनाइल इस्ट्राडायॉल लिटरला ५-६ नॅनोग्रॅम इतकंच ठेवलं होतं, आणि तिथल्या फॅटहेड मिन्नो माशांची संख्या कोसळली.

रुग्णाच्या लघवीतून जाणारं तुम्ही थांबवू शकत नाही. बेसिनमधून जाणारं थांबवू शकता. साधं सलाईन, ग्लुकोज यांसारखे औषध न मिसळलेले द्रव नाल्यात गेले तर चालतं. प्रतिजैविकं, हार्मोन, सायटोटॉक्सिक कधीच नाही. अर्धी उरलेली प्रतिजैविकाची बाटली सिंकमध्ये ओतून मग ‘रिकामी’ म्हणून टाकणं हा रोजचा प्रकार आहे; सिंकवर पाटी लावण्यापेक्षा सिंकशेजारी द्रव औषधांचा डबा ठेवणं जास्त उपयोगी. डायक्लोफिनॅकच्या जेलमधला फार थोडा भाग त्वचेतून आत जातो, बाकी धुतला जातो. लावून झाल्यावर हात आधी कागदानं पुसायचे, तो कागद कचऱ्यात, मग धुवायचे: डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ. रेडिओलॉजीत उरलेलं आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (तपासणीची प्रतिमा स्पष्ट करणारं द्रव्य) वेगळं जमवा; काही उत्पादक ते परत घेऊन आयोडीन काढतात. दोन सारख्याच गुणाच्या औषधांत निवड करायची असेल तर स्टॉकहोमच्या आरोग्य विभागाचा जानुसइन्फो हा माहितीसाठा औषधागणिक पर्यावरणीय धोका देतो.

विल्हेवाट, थोडक्यात

तुमच्या देशाचा जैववैद्यकीय कचऱ्याचा कायदा सर्वांवर. सायटोटॉक्सिक कचऱ्याला १,२०० अंशांच्या वर तापमान लागतं. ते कमी तापमानाच्या भट्टीत गेलं तर नष्ट न होता धुरातून बाहेर येऊ शकतं. म्हणून ते वेगळ्या, खूण केलेल्या डब्यात. भट्टीच नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेची बंदिस्तीकरणाची पद्धत आहे: पिंप औषधांनी ७५ टक्के भरायचं, मग चुना, सिमेंट, पाणी वजनानं १५:१५:५ या प्रमाणात कालवून वर ओतायचं आणि सील करायचं. सायटोटॉक्सिकचं पिंप निम्मंच भरतात. उलट बाजूची चूकही होते: बाहेरचं खोकं, माहितीपत्रक, सलाईनची रिकामी बाटली हे सगळं औषधकचऱ्यात टाकून भट्टीचं वजन वाढवलं जातं. खोकी वॉर्डात जाण्याआधीच काढा. पीव्हीसीच्या पिशव्या आणि नळ्या भट्टीत नकोत. त्यातल्या क्लोरीनपासून डायॉक्सिन हे विषारी रसायन होतं.

आता तुमच्या मूळ यादीकडे. स्ट्रिप म्हणजे ॲल्युमिनियम आणि पीव्हीसी चिकटवलेले; साधा भंगारवाला ते वेगळे करू शकत नाही. हे काम करणारी सुविधा खरोखर असेल तरच द्या, आणि एकही गोळी आत राहिलेली नसावी. कागदी पिशवी बाहेरच्या रुग्णाला मागितली तर द्या. वॉर्डात जाणाऱ्या औषधांना पिशवीच नको: झाकणाचे, धुता येणारे, खाटेचा क्रमांक लिहिलेले डबे, प्रत्येक खाटेला दोन. एक वॉर्डात, एक फार्मसीत भरायला, संध्याकाळी अदलाबदल. परत आलेल्या डब्यात न वापरलेलं जे सापडेल, ते त्या दिवशीच्या इंडेंटमधून वजा करायचं.